जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प की नवा बुटीक अ‍ॅम्प? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इलेक्ट्रिक गिटारच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पबद्दल, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकाबद्दल, पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एक विषय दुसऱ्यात गुंततो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्हिंटेज म्हणजे किती जुना? आणि बुटीक नक्की कशाला म्हणायचं?

व्हिंटेज म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर १९४० च्या दशकाच्या शेवटापासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचे अ‍ॅम्प येतात: कॅलिफोर्नियातल्या फुलरटनचे फेंडर, लंडनचे मार्शल, केंटमधल्या डार्टफर्डचे व्हॉक्स, थोडे नंतरचे हायवॉट. बुटीक म्हणजे छोट्या कार्यशाळेत, थोड्या संख्येने, बहुधा हाताने जोडलेले आणि निवडक सुटे भाग वापरलेले अ‍ॅम्प. ओहायोचा डॉक्टर झी १९८८ चा, लॉस एंजेलिसचा मॅचलेस १९८९ चा. इलिनॉयचा व्हिक्टोरिया, नॉर्थ कॅरोलायनाचा कार आणि कॅलिफोर्नियाचा टू-रॉक त्यांच्या मागून आले.

एक गोष्ट लक्षात असू द्या. आज ज्यांना हात लावायलाही लोक घाबरतात ते जुने अ‍ॅम्प त्या काळी कारखान्यात बनलेला रोजच्या वापराचा माल होता. लिओ फेंडर काटकसरी माणूस. बाजारात जो चांगला भाग वाजवी दरात आणि वेळेवर मिळेल तो बसवायचा, असा सगळा हिशोब होता.

२. दोन्हीत व्हॉल्व्हच, सर्किटही तेच म्हणतात. मग टोन वेगळा का?

याचं उत्तम उदाहरण १९६२ सालातच सापडतं. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं ड्रमचं दुकान होतं. गिटार वाजवणारी गिऱ्हाइकं फेंडरचे अ‍ॅम्प मागायची, पण ते अमेरिकेतून यायचे आणि फार महाग पडायचे. दुकानातला दुरुस्तीचा कारागीर केन ब्रॅन आणि तरुण तंत्रज्ञ डडली क्रेव्हन यांनी फेंडर बासमन, म्हणजे ५एफ६-ए हे सर्किट समोर ठेवून जवळजवळ तसाच अ‍ॅम्प बांधला. तोच जेटीएम४५.

दोन्हींच्या आकृत्या शेजारी ठेवल्या तर जुळी भावंडं वाटतात. पण बासमनमध्ये पहिला व्हॉल्व्ह १२एवाय७ आहे आणि मार्शलने तिथे ईसीसी८३ लावला. पहिल्याचा वर्धनांक सुमारे ४४, दुसऱ्याचा १००. ट्रान्सफॉर्मर इंग्लंडमधले. पॉवर व्हॉल्व्ह, म्हणजे शेवटी स्पीकर हलवणारे, सुरुवातीला ५८८१, लवकरच केटी६६. बासमनमध्ये मागून उघड्या पेटीत जेन्सेनचे चार १० इंची स्पीकर होते, तर मार्शल बंद पेटीतल्या सेलेस्टियनच्या १२ इंची स्पीकरवर वाजायचा. एवढ्या फरकातून रॉकचा अख्खा टोन जन्माला आला.

तेव्हा कोणी ‘सर्किट तेच आहे’ म्हणालं की लगेच तीन गोष्टी विचारा: ट्रान्सफॉर्मर कोणाचा, स्पीकर कोणता, पेटी कशी. जुना विरुद्ध नवा या वादातले निम्मे फरक या तीन उत्तरांत मिटतात.

३. बुटीक म्हणजे जुन्या अ‍ॅम्पची महागडी नक्कलच ना?

काहींच्या बाबतीत हो, आणि ते स्वतःच तसं सांगतात. व्हिक्टोरियाची सुरुवातच फेंडरच्या ट्वीड काळातल्या (पन्नासच्या दशकातल्या, ट्वीड कापडाने मढवलेल्या) अ‍ॅम्पच्या प्रामाणिक प्रतिकृतींपासून झाली.

दुसरा गट जुन्यातून सुरू करून पुढे जातो. मॅचलेस डीसी-३० चं मूळ व्हॉक्स एसी३० मध्ये आहे, चार ईएल८४ आणि दोन १२ इंची स्पीकर. पण त्याच्या एका चॅनलवर ईएफ८६ हा पेंटोड (पाच इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह) आहे. सुरुवातीच्या एसी३० मध्येही हा व्हॉल्व्ह होता. स्पीकरशेजारी हादरे खाऊन तो कुरकुरायचा म्हणून व्हॉक्सने काढून टाकला. मॅचलेसने तो परत आणला आणि भक्कम बांधणी करून टिकवला. ही मला नक्कल वाटत नाही. मूळ कारखान्याला ज्या कामासाठी वेळ आणि पैसा परवडला नाही ते काम कोणीतरी पूर्ण केलं.

तिसरा गट एकेकट्या माणसांचा. न्यू जर्सीचे केन फिशर पूर्वी अँपेग या अ‍ॅम्प कंपनीत होते. त्यांच्या ट्रेनरेक अ‍ॅम्पवर अनुक्रमांकाऐवजी नाव असायचं. एकेक अ‍ॅम्प ते स्वतः वाजवून, भाग बदलून, पुन्हा वाजवून तयार करायचे. कॅलिफोर्नियाचे अलेक्झांडर डंबल तर वादकाचा हात पाहून अ‍ॅम्प बांधायचे. त्यांच्याबद्दल प्रश्न १४ पाहा.

४. ‘हँडवायर्ड’, ‘पॉइंट-टू-पॉइंट’ आणि ‘पीसीबी’ यांत खरंच ऐकू येण्याइतका फरक असतो का?

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. भागांच्या तारा सरळ सॉकेटला आणि एकमेकींना जोडल्या तर पॉइंट-टू-पॉइंट. मॅचलेस बरंचसं असं बांधतं. पट्टीवर खिळ्यांसारख्या टोकांवर भाग बसवून तारा हाताने ओढल्या तर टरेट बोर्ड. जुने मार्शल आणि हायवॉट असे. फेंडरमध्ये टोकांच्या जागी छिद्रांत ठोकलेल्या धातूच्या बांगड्या असायच्या. हे सगळेच हँडवायर्ड. त्यामुळे जुना फेंडर ‘पॉइंट-टू-पॉइंट’ आहे असं जाहिरातीत वाचलं तर विकणारा ढिला बोलतोय इतकंच समजा. मार्शलही १९७३-७४ च्या सुमारास पीसीबीकडे, म्हणजे छापील सर्किटच्या बोर्डाकडे, वळलं.

नीट आखलेल्या पीसीबीचा टोन वाईट येतो असं नाही. खरा फरक दुरुस्तीच्या टेबलावर कळतो. स्वस्त पीसीबी अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्हची सॉकेट आणि पॉट (बटणांखालचे फिरते रेझिस्टर) थेट बोर्डावर झाळलेली असतात. उष्णतेने ठिपके उखडतात आणि एक जॅक बदलायला अख्खा बोर्ड बाहेर काढावा लागतो. टरेट बोर्डावरचा भाग कुठलाही समजूतदार मेकॅनिक पाच मिनिटांत बदलतो. पुढच्या तीस वर्षांची सोय म्हणून हँडवायर्डला जास्त पैसे द्या. टोनसाठी म्हणून देऊ नका.

५. जुना अ‍ॅम्प मुरत जाऊन अधिक गोड वाजतो, हे खरं आहे का?

थोडं खरं, पुष्कळसं भाबडं. स्पीकरचा कागदी कोन वर्षानुवर्षं हलून मोकळा होतो आणि वरच्या पट्टीतला कडकपणा कमी होतो, हे खरं. कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टरचं मूल्य काळाबरोबर वाढत जातं. १०० किलोओहमचा १२० झालेला असतो आणि सोबत खरखरही येते. त्याने कधी टोन किंचित बदलतो, कधी अ‍ॅम्प नुसता गोंगाट करतो.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र मुरत नाहीत, सुकतात. त्यांचं धड आयुष्य साधारण १५ ते २० वर्षं. सुकले की बास ढिला पडतो, गुणगुण वाढते आणि स्वराखाली एक भुताटकीचा बेसूर स्वर ऐकू येतो. अनेकजण या मरणकळेलाच ‘व्हिंटेज टोन’ म्हणून कवटाळून बसलेले असतात. १९५९ साली दुकानातून बाहेर पडलेला बासमन नवाकोराच होता. तेव्हाच्या ध्वनिमुद्रणांत तुम्ही जो टोन ऐकता तो नव्या किंवा चार-दोन वर्षं वापरलेल्या अ‍ॅम्पचा आहे. माझ्या मते बुटीकच्या बाजूचा हा सगळ्यात दमदार मुद्दा आहे, आणि तो फारसा कोणी मांडत नाही.

६. एकाच मॉडेलचे, एकाच वर्षाचे दोन जुने अ‍ॅम्प वेगळे वाजले. माझा कान चुकतोय का?

नाही. त्या काळच्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या मूल्यांत १० ते २० टक्क्यांची मुभा धरलेली असायची. त्यात साठ वर्षांची झीज, मधल्या मेकॅनिकांनी बदललेले भाग आणि नवा कोन घातलेले स्पीकर. म्हणून ‘फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब असा वाजतो’ यापेक्षा ‘हा डिलक्स रिव्हर्ब असा वाजतो’ असं म्हणावं. जुना अ‍ॅम्प न वाजवता घेऊ नये, तो याच कारणाने. बुटीक बनवणारा आज १ टक्क्याचे भाग वापरतो, त्यामुळे त्याचे दोन नग बऱ्यापैकी सारखे निघतात.

७. माझा मामा न्यू जर्सीत असतो. तो दिवाळीला येताना जुना फेंडर आणू शकेल. इथे चालेल का?

चालेल, पण तीन गोष्टी आधी पाहा.

पहिली, व्होल्टेज. अमेरिकन बाजारासाठी बनलेले जुने अ‍ॅम्प ११० ते ११७ व्होल्टचे, आपल्याकडे २३०. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच, आणि तो लोखंडी गाभ्याचा, जड, किमान ५०० व्हीएचा घ्या. प्रवासात हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके कन्व्हर्टर अ‍ॅम्पला लावू नका.

दुसरी गोष्ट लोक विसरतात: फ्रीक्वेन्सी. तिथे ६० हर्ट्झ, इथे ५०. स्टेप-डाउन व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी मोजूनमापून बनवलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. तासभर वाजवून झाल्यावर त्यावर हात ठेवून पाहा. हात टिकत नसेल तर २३० व्होल्ट ५० हर्ट्झचा नवा ट्रान्सफॉर्मर बसवून घ्या आणि मूळचा जपून ठेवा (प्रश्न १६).

तिसरी, वजन. डिलक्स रिव्हर्ब सुमारे १९ किलोचा, ट्विन रिव्हर्ब ३० किलोच्या आसपास. विमानात एका बॅगेला साधारण २३ किलोची मर्यादा असते, आणि सामान फेकणाऱ्यांना व्हॉल्व्हची दया नसते. व्हॉल्व्ह काढून हातातल्या बॅगेत घ्यायला सांगा. जकातीचं पण मामांना निघण्याआधी विचारून घ्यायला सांगा. वापरलेल्या मालाच्या आयातीचे नियम नव्यापेक्षा कडक आहेत.

नव्या बुटीक अ‍ॅम्पबाबत हे सगळं एका ओळीत मिटतं: ऑर्डर देतानाच २३० व्होल्ट मागा.

८. जुना अ‍ॅम्प हातात आल्यावर लगेच लावून पाहिला तर?

लावू नका. आधी मागची वायर पाहा. साठच्या दशकातल्या अमेरिकन अ‍ॅम्पला दोन पिनांचा प्लग असतो, अर्थिंग नाही. आत मेन्सच्या तारेपासून चॅसीला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेला एक कपॅसिटर असतो. तो फुटला की चॅसीवर आणि तिथून गिटारच्या तारांवर मेन्सचा करंट येतो. दुरुस्ती करणारे त्याला ‘डेथ कॅप’ म्हणतात आणि त्यात अतिशयोक्ती नाही. अर्थ असलेल्या माइकला ओठ लागले तर जीव जाऊ शकतो. तो कपॅसिटर काढून तीन पिनांची अर्थिंगवाली वायर बसवणं हे पहिलं काम, मग अ‍ॅम्प कितीही अस्सल असो. तुमच्या खोलीतल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का हेही इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. जुन्या वाड्यांत आणि चाळींत ते बहुतेकदा नसतं.

मग फिल्टर कपॅसिटर, म्हणजे प्रश्न ५ मधले इलेक्ट्रोलिटिक. वर्षानुवर्षं बंद असलेल्या अ‍ॅम्पला एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर ते फुटून ट्रान्सफॉर्मरही सोबत नेऊ शकतात. मेकॅनिक व्हेरिअ‍ॅक लावून व्होल्टेज हळूहळू चढवेल, नाहीतर सरळ बदलून टाकेल. दुसरा पर्याय बरा.

स्वतः चॅसी उघडू नका. आत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहतो. आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्प, जुना असो वा नवा, स्पीकर जोडल्याशिवाय कधीही चालू करू नका.

९. मी रत्नागिरीत राहते. इथल्या हवेत जुना अ‍ॅम्प टिकेल का?

कोकण, मुंबई, गोवा इथे राहणाऱ्यांनी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. जुन्या फेंडरमधला बोर्ड व्हल्कनाइज्ड फायबरचा, मेणात बुडवलेला असतो. काळाने मेण निघतं, बोर्ड ओल धरतो आणि चक्क वीज वाहू लागतो. मग बायस (व्हॉल्व्हला ठरवून दिलेला विश्रांतीचा करंट) सरकतो, चरचर येते, आणि प्रत्येक भाग तपासला तरी दोष सापडत नाही, कारण दोष पट्टीतच असतो. पावसाळ्यात बिघडणारा आणि दिवाळीत आपोआप बरा होणारा अ‍ॅम्प म्हणजे बहुतेक हेच. उपाय हळुवार उष्णता देऊन सुकवणं, नाही जमलं तर बोर्डच बदलणं.

बुटीकवाले बहुतांशी काचतंतूचा बोर्ड वापरतात, त्याला ओलीचं काही वाटत नाही. किनारपट्टीवर राहून रोज वाजवायचं असेल तर मी निःसंकोच नवा घ्यायला सांगेन. जुना असेलच तर आठवड्यातून दोन-तीनदा तासभर चालू ठेवा, त्याची स्वतःची उष्णता ओल पळवते. बंद कपाटात, प्लास्टिक गुंडाळून ठेवू नका. स्पीकरच्या कोनाला बुरशी धरते.

१०. व्हॉल्व्ह आता मिळतात कुठे? आणि दुरुस्त कोण करणार?

गिटार अ‍ॅम्पचे व्हॉल्व्ह आज मुख्यतः स्लोव्हाकियातल्या जेजे कंपनीत, रशियातल्या सारातोव्हच्या कारखान्यात आणि चीनमध्ये बनतात. मार्च २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातबंदीने सारातोव्हचा माल काही काळ अडकला आणि जगभर भाव चढले. तेव्हापासून एक जोड जादा घेऊन ठेवण्याची सवय अनेकांना लागली. चांगली सवय आहे.

दुरुस्तीसाठी गिटारच्या दुकानापेक्षा जुना रेडिओ मेकॅनिक गाठा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली इथे चौकशी केली तर व्हॉल्व्हच्या रेडिओवर हात बसलेला एखादा आजोबा निघतो. त्याने फेंडर कधी पाहिलेला नसेल, पण सर्किटची आकृती छापून नेली तर त्याला काही नवं नसतं. पुश-पुल आउटपुट म्हणजे पुश-पुल आउटपुट. रेडिओत ऐकू येणारी खरखर तो दोष मानेल आणि गिटारवाल्याला हवी असलेली खरखरही काढून टाकेल, एवढं मात्र आधी सांगा.

११. जुन्या साठ्यातले मलार्ड किंवा आरसीएचे व्हॉल्व्ह घालावेत का?

पहिल्या जागी, म्हणजे गिटारचा सिग्नल सर्वांत आधी जातो तिथे, एक चांगला जुना ईसीसी८३ ऐकू येण्याइतका फरक करू शकतो. तो कमी कुरकुरतो आणि टिकतोही. इतर जागी पैसे वाया. पॉवर व्हॉल्व्ह जुने घेण्यात तर आणखीच जोखीम, कारण ‘न वापरलेला’ म्हणून खोक्यात घालून विकलेला माल तपासायला टेस्टर लागतो. भारतात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओसाठी व्हॉल्व्ह बनवले होते. जुन्या बाजारात त्यांचे खोके सापडले तर स्वस्तात मजा आहे, पण तेही तपासूनच.

१२. फ्लॅटमध्ये वाजवायचं आहे. शेजारी सोसायटीत तक्रार करतात. जुना बरा की नवा?

नवा. बहुतेक जुन्या अ‍ॅम्पला मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाज वेगळा कमी करणारं बटण) नसतो, आणि त्याची खरी गंमत पॉवर व्हॉल्व्ह ताणले गेल्यावरच येते. २२ वॅटचा डिलक्स रिव्हर्ब अर्ध्यावर गेला की ढोल-ताशासमोर उभा राहील.

‘मग कमी वॅटचा घेतो’ हा सापळा आहे. आवाज कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. १०० वॅटऐवजी ५० घेतला तर फक्त ३ डेसिबल कमी झाले. १५ वॅटचा ट्वीडसुद्धा बंद खोलीत कान बधिर करतो. बुटीकवाल्यांनी यावर पुष्कळ डोकं चालवलं आहे: अर्धी शक्ती, अंगचा अ‍ॅटेन्युएटर (स्पीकरकडे जाणारी शक्ती मधेच जिरवणारा), पॉवर व्हॉल्व्हचं व्होल्टेज कमी करणारी योजना. जुन्या अ‍ॅम्पला बाहेरून अ‍ॅटेन्युएटर लावता येतो. लावायचा तर रिअ‍ॅक्टिव्ह प्रकारचा लावा, स्पीकरसारखा भार देणारा. तरीही आत व्हॉल्व्ह पूर्ण जोरात जळतच असतात आणि लवकर संपतात. शिवाय हळू आवाजात आपल्या कानाला बास आणि ट्रेबल दोन्ही कमी ऐकू येतात. कुठलंही यंत्र कानाचा हा स्वभाव बदलत नाही.

१३. माझं बजेट एकाच गोष्टीचं आहे. टोन सुधारायला आधी काय बदलू?

स्पीकर. व्हॉल्व्ह, कपॅसिटर, केबल सगळं नंतर. सेलेस्टियनच्या ग्रीनबॅकच्या जागी अल्निको ब्ल्यू लावला तर अ‍ॅम्प बदलल्यासारखं वाटतं. जुन्या अ‍ॅम्पमधला मूळ स्पीकर काढून ठेवा आणि नव्यावर वाजवा. मूळचा फाटला तर किंमत पडते.

१४. डंबल अ‍ॅम्प एक लाख डॉलरच्या वर जातो. त्यात आहे तरी काय?

आत सोनं नाही. ढोबळ मानाने साठच्या दशकातल्या फेंडरसारखा स्वच्छ चॅनल आणि त्याच्या मागे जोडलेले वाढीव गेनचे (सिग्नल आणखी वाढवणारे) टप्पे. ओव्हरड्राइव्ह स्पेशल या मॉडेलची कल्पना एवढीच. पण डंबल यांनी आयुष्यभरात बनवलेले अ‍ॅम्प काही शेकड्यांतच. प्रत्येक अ‍ॅम्प विशिष्ट वादकासाठी जुळवलेला, आणि सर्किटवर कोणी नक्कल करू नये म्हणून एपॉक्सीचा लेप. रॉबेन फोर्ड, लॅरी कार्लटन, स्टीव्ही रे वॉन या गिटारवादकांच्या हातांत तो ऐकून लोक वेडे झाले. जानेवारी २०२२ मध्ये डंबल गेले आणि भाव आणखी चढले.

तुम्ही विकत घेताय ती दुर्मिळता. टोनसाठी म्हणाल तर लेप खरवडून लोकांनी आकृत्या कधीच काढल्या आहेत. टू-रॉकची सुरुवात याच धाटणीच्या अ‍ॅम्पपासून झाली. एक अडचण मात्र नक्कल घेणाऱ्याला कोणी सांगत नाही: हा अ‍ॅम्प वादकाच्या हाताचं सगळं उघडं पाडतो. रॉबेन फोर्डच्या हातासाठी गोड असलेलं यंत्र तुमच्या-माझ्या हातात बऱ्याचदा कोरडं वाजतं. तासभर वाजवूनच ठरवा.

१५. सीबीएसनंतरचे ‘सिल्व्हरफेस’ फेंडर वाईट असतात ना?

फेंडर कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली गेली. चंदेरी दर्शनी पट्टी, म्हणजे सिल्व्हरफेस, १९६७-६८ पासून. या तारखांवरून लोकांनी चांगल्या-वाईटाची भिंत उभी केली आहे, आणि तिचा फायदा तुम्ही उठवावा. १९६८ ते ७२ च्या डिलक्स रिव्हर्ब आणि प्रिन्स्टन रिव्हर्बमध्ये मूळ सर्किटात फारसा बदल नव्हता. मोठ्या मॉडेलांत होता, तो बहुतेकदा मेकॅनिककडून उलटवता येतो. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातला १३५ वॅटचा ट्विन मात्र वेगळा प्राणी आहे. तो स्वच्छ राहतो आणि कानठळ्या बसवतो. जुनाच हवा आणि पैसे मोजके असतील तर सुरुवातीचा सिल्व्हरफेस हा बाजारातला सर्वांत शहाणा सौदा.

१६. जुना अ‍ॅम्प मूळ आहे का, हे कसं ओळखू? आणि भाग बदलले तर किंमत पडते का?

फेंडरच्या पेटीत आत चिकटवलेल्या व्हॉल्व्हच्या तक्त्यावर दोन इंग्रजी अक्षरं शिक्क्याने मारलेली असतात. पहिलं वर्ष, दुसरं महिना. वर्षांची मोजणी ‘ए’ म्हणजे १९५१ पासून, त्यामुळे ‘ओ’ म्हणजे १९६५. ‘ओएफ’ दिसलं तर जून १९६५. मग ट्रान्सफॉर्मर पाहा. त्यावर ६०६-५-२४ असं असेल तर ६०६ म्हणजे शूमाकर कंपनी, ५ म्हणजे १९६५, २४ म्हणजे चोविसावा आठवडा. स्पीकरवर २२० असेल तर जेन्सेन, ४६५ असेल तर ऑक्सफर्ड. वर्षासाठी एकच आकडा असल्याने ५ म्हणजे १९५५ की १९६५ हे बाकीच्या खुणांवरून ठरतं. सगळ्या तारखा काही महिन्यांच्या अंतरात असाव्यात आणि सुटा भाग तक्त्यापेक्षा जुना असावा. नवा असेल तर तो नंतर बसवलेला.

फिल्टर कपॅसिटर आणि मेन्सची वायर बदलल्याने जाणकाराच्या लेखी किंमत पडत नाही. टायर बदललेल्या जुन्या गाडीला कोणी नावं ठेवत नाही. ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, पेटीवरचं कापड बदललं की पडते. सिग्नलच्या वाटेतले जुने कपॅसिटर, मार्शलमधले पिवळे ‘मस्टर्ड’ किंवा फेंडरमधले निळे, ठीक असतील तर हलवू नका. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून अ‍ॅम्पसोबत ठेवा.

१७. एसी३० आणि त्याचे बुटीक वंशज ‘क्लास ए’ असतात म्हणून गोड वाजतात, असं विक्रेता म्हणाला. बरोबर?

क्लास ए म्हणजे व्हॉल्व्हमधून पूर्ण वेळ करंट वाहत ठेवणारी रचना. हिशोब करून पाहू. एका ईएल८४ ची उष्णता सोसायची मर्यादा १२ वॅट. चार मिळून ४८. शुद्ध क्लास ए ची तात्त्विक कमाल कार्यक्षमता ५० टक्के, म्हणजे २४ वॅट. मग ३० कुठून आले? जोरात वाजवताना तो क्लास ए मधून बाहेर जातो, म्हणून. एसी३० चा स्वभाव येतो तो कॅथोड बायस, निगेटिव्ह फीडबॅकचा अभाव आणि त्या निळ्या स्पीकरांमुळे. पाटीवर काय लिहिलंय ते सोडा.

१८. कंपन्यांचे रीइश्यू यात कुठे बसतात?

मधे. फेंडरने बासमनचा रीइश्यू (जुन्याच मॉडेलची नव्याने काढलेली आवृत्ती) १९९० मध्ये काढला, पाठोपाठ ट्विन आणि डिलक्स रिव्हर्बचे. सर्किट जुनं, बोर्ड पीसीबी, किंमत बुटीकपेक्षा पुष्कळ कमी. चांगला स्पीकर टाकला (प्रश्न १३) तर स्टेजवर समोरच्याला फरक कळणार नाही. हँडवायर्ड रीइश्यूही निघतात. त्यांची किंमत बुटीकच्या शेजारी जाऊन बसते, मग मी बुटीकच घेईन.

१९. एवढं सगळं करण्यापेक्षा मॉडेलर (अ‍ॅम्पचा आवाज डिजिटल पद्धतीने उभा करणारं यंत्र) घेतला तर काय बिघडलं?

काहीच नाही. केम्पर, फ्रॅक्टल, क्वाड कॉर्टेक्स रेकॉर्डिंगमध्ये कमाल करतात, आणि फेंडरचा २०१९ चा टोन मास्टर डिलक्स रिव्हर्ब मूळच्या जवळपास अर्ध्या वजनात येतो. लोकलने रिहर्सलला जाणाऱ्यासाठी तो मुद्दा लहान नाही. फक्त खोलीत, अ‍ॅम्पसमोर उभं राहून, बोट हलकं-जड केल्यावर जो प्रतिसाद मिळतो तो मला अजून खऱ्या व्हॉल्व्हमध्येच जास्त सापडतो.

२०. गुंतवणूक म्हणून जुना अ‍ॅम्प घ्यावा का?

भारतात नको. घेणारे इथे मूठभर, आणि परदेशात विकायचा तर पाठवणी आणि कस्टम नफा खातात.

२१. सत्तरच्या दशकातला मेसा बूगी बुटीक म्हणायचा की व्हिंटेज? आणि नव्वदच्या दशकातला मॅचलेस?

रँडल स्मिथ यांनी छोट्या फेंडर प्रिन्स्टनमध्ये मोठी शक्ती आणि जादा गेन ठासून सुरुवात केली, आणि बूगी हे नाव गिटारवादक कार्लोस सान्ताना यांच्या उद्गारावरून पडलं. तेव्हा तो बुटीकच होता, कदाचित पहिलाच. आज वयाने व्हिंटेज आहे. त्याची बाजारातली ओळख दोन्ही खात्यांत लागते आणि विक्रेता सोयीचं खातं निवडतो.

मॅचलेसचं तसंच होत चाललं आहे. १९९२ चा डीसी-३० हाताने बांधलेला, भक्कम, नावाजलेला; पण त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तीस वर्षांच्या वर गेले आहेत आणि त्यांना बुटीक-बिटिक काही कळत नाही. विक्रेता ‘एकदाही उघडलेला नाही’ असं अभिमानाने सांगत असेल तर कपॅसिटर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोलणी सुरू करा.